विश्लेषण : दिव्यांग मुलाशेजारी वर्गात बसणाऱ्या मदतनिसाची पात्रता कोण ठरवणार?

उन्हाच्या तडाख्यामुळे विदर्भातल्या शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा आठवडाभर उशिरा उघडतात. सीबीएसईच्या बहुतेक शाळांचे सत्र मात्र एप्रिलमध्येच सुरू झालेले असते. वेळापत्रक कोणतेही असो, प्रवेशाच्या दिवसांत स्वमग्न, बौद्धिक अक्षम किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या पालकांच्या कानावर एक वाक्य हमखास पडते : ‘प्रवेश द्यायला आमची हरकत नाही, पण सोबत शॅडो टीचर आणा.’

नागपुरात असो की पुण्यात, पालकांचा पुढचा प्रश्न सारखाच असतो. आणायची कुठून? तिचे शिक्षण काय हवे? पगार कोण देणार? या तीनपैकी एकाही प्रश्नाला कायद्यात किंवा शासन निर्णयात सरळ उत्तर नाही. मुलाला शिकवणाऱ्या शिक्षकाला पदवी लागते, पात्रता परीक्षा लागते. अंगणवाडीत मदतनीस व्हायचे तर महाराष्ट्रात बारावी उत्तीर्ण असावे लागते. मात्र बोलू न शकणाऱ्या मुलाजवळ दिवसाचे सहा तास बसणाऱ्या, त्याला स्वच्छतागृहात नेणाऱ्या, भरवणाऱ्या व्यक्तीसाठी किमान पात्रता अशी नाहीच.

शॅडो टीचर, मदतनीस, काळजीवाहक : फरक काय?

गोंधळ नावापासूनच सुरू होतो. खासगी इंग्रजी शाळांत ‘शॅडो टीचर’ म्हणतात. समग्र शिक्षा अभियानाच्या कागदांवर ‘मदतनीस भत्ता’ असतो. दिव्यांगांच्या निवासी विशेष शाळांत ‘काळजीवाहक’ हे पदच आहे. मुलांच्या तोंडी यातला एकही शब्द नसतो. त्यांच्यासाठी ती ताई असते किंवा मावशी.

कामेही वेगळी आहेत. काळजीवाहक प्रामुख्याने शारीरिक गरजा पाहतो. समग्र शिक्षातला मदतनीस म्हणजे मुलाला घरून शाळेत आणणारी आणि परत नेणारी व्यक्ती. बहुतेकदा ती आई किंवा आजीच असते आणि भत्ता त्या ने-आणीचा असतो. शॅडो टीचरचे काम या दोघांहून कठीण आहे. शिक्षिकेची सूचना मुलापर्यंत त्याला समजेल अशा रीतीने पोहोचवणे, गोंगाटाने तो अस्वस्थ होतोय हे वेळेत ओळखणे, मधल्या सुट्टीत त्याला इतर मुलांच्या खेळात शिरायला मदत करणे आणि मग हळूहळू स्वतः बाजूला होणे. यातले शेवटचे काम सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित.

विशेष शिक्षक हा आणखी वेगळा. तो प्रशिक्षित, नोंदणीकृत व्यावसायिक असतो. मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा तो तयार करतो. शॅडो टीचरने तो आराखडा वर्गात अमलात आणायचा, अशी ही रचना. पण आराखडा करणाराच शाळेत नसेल, तर सोबतीला बसलेली ताई करणार काय? ती मुलाला शांत ठेवते. शाळेला तेवढेच हवे असते.

कायदा काय म्हणतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. कलम १६ नुसार शासनाची मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे, त्यांच्या गरजेप्रमाणे सोयी करायच्या आहेत आणि प्रत्येकाला वैयक्तिक आधार पुरवायचा आहे. कलम १७ मध्ये शिक्षकांच्या प्रशिक्षणाबरोबरच समावेशित शिक्षणाला मदत करणाऱ्या ‘व्यावसायिक आणि कर्मचाऱ्यांच्या’ प्रशिक्षणाचाही उल्लेख आहे. म्हणजे शिक्षकांखेरीज इतरांनाही शिकवावे लागेल, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते. त्या इतरांनी काय शिकायचे, किती शिकायचे, कोणाकडून शिकायचे, हे मात्र पुढे कोणी लिहिलेच नाही.

मदतनिसाचा थेट उल्लेख याच कायद्यात एका ठिकाणी सापडतो, तोही प्रवासाच्या संदर्भात. जास्त आधाराची गरज असलेल्या मुलांबरोबरच त्यांच्या मदतनिसालाही वाहतुकीची सोय द्यावी, असे कलम १६ सांगते. वाहनात त्याची जागा ठरली, वर्गातली ठरायची राहिली. काळजीवाहकाची व्याख्याही कायद्यात आहे, पण ती इतकी सैल आहे की पगार घेऊन वा न घेता दिव्यांग व्यक्तीची काळजी घेणारी कोणतीही व्यक्ती, अगदी आई-वडीलही, तीत बसतात. घरातल्या काळजीसाठी ती व्याख्या योग्यच आहे. शाळेत नेमणूक करायला ती पुरत नाही.

आरसीआयची नोंदणी म्हणजे काय आणि ती कोणाला लागते?

भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, १९९२ च्या कायद्याने वैधानिक झाली. पुनर्वसन क्षेत्रातल्या व्यावसायिकांचे अभ्यासक्रम ठरवणे आणि केंद्रीय पुनर्वास नोंदवही ठेवणे हे तिचे काम. ऑडिओलॉजिस्ट, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक, कृत्रिम अवयव तंत्रज्ञ अशा १६ वर्गांतील व्यावसायिकांची नोंद तेथे होते. नोंदणी नसताना असा व्यवसाय करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. दंडाची रक्कम पाहिली की कायद्याचे वय कळते.

या १६ वर्गांत शॅडो टीचर नाही. त्यामुळे ‘आमच्याकडे आरसीआयमान्य शॅडो टीचर आहेत’ अशी जाहिरात दिसली तर तिचा अर्थ नीट तपासावा. ती व्यक्ती विशेष शिक्षणातील पदविका वा पदवी घेऊन नोंदणीकृत झालेली असेल, तर तिची विशेष शिक्षक म्हणून नोंद खरी असू शकते. ‘शॅडो टीचर’ म्हणून मात्र कोणाचीही नोंद होत नाही. काही दिवसांच्या ऑनलाइन शिबिरानंतर मिळणारी चकचकीत प्रमाणपत्रे बाजारात भरपूर आहेत. त्यातली काही शिबिरे उपयुक्तही असतील. पण त्यांचा दर्जा तपासणारी वैधानिक यंत्रणा नाही, हे पैसे भरण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

मग आज अधिकृत वाटा कोणत्या?

बारावीनंतर दोन वर्षांची विशेष शिक्षणातील पदविका आणि पदवीनंतर विशेष शिक्षणातील बी.एड. या दोन ठळक वाटा. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने विशेष बी.एड. दूरशिक्षणातून उपलब्ध करून दिल्याने महाराष्ट्रातल्या अनेक नोकरदार शिक्षकांना ही पात्रता मिळवता आली. मात्र ही शिक्षणे विशेष शिक्षक होण्यासाठी आहेत. इतके शिकलेली व्यक्ती मदतनिसाच्या मानधनावर फार काळ थांबणार नाही, आणि थांबावे अशी अपेक्षाही रास्त नाही.

खालच्या पायरीवर पर्याय कमी आहेत. केंद्राच्या नॅशनल ट्रस्टने ‘सहयोगी’ योजनेत काळजीवाहकांसाठी प्राथमिक आणि प्रगत अशा दोन पातळ्यांचे प्रशिक्षण आखले. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी हा ट्रस्ट १९९९ च्या कायद्याने स्थापन झाला. मे २०२१ मध्ये केंद्राच्या दिव्यांगजन सशक्तीकरण विभागाने ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठाच्या साथीने सहा महिन्यांचा ‘समुदाय आधारित समावेशक विकास’ अभ्यासक्रम सुरू केला. तो पूर्ण करणाऱ्यांना ‘दिव्यांग मित्र’ म्हणायचे ठरले. त्यासाठी पदवी लागत नाही. आशा आणि अंगणवाडी सेविकांच्या जोडीने वस्तीपातळीवर काम करणारे कार्यकर्ते घडवणे हा त्याचा हेतू आहे.

दोन्ही योजना चांगल्या आहेत. पण एकीचा रोख घरावर आणि दुसरीचा वस्तीवर. वर्ग मध्येच सुटला. चाळीस मुले, एक फळा, पस्तीस मिनिटांची तासिका आणि मागच्या बाकावर कानावर हात ठेवून बसलेले एक मूल, या प्रसंगासाठी वेगळे कौशल्य लागते. ते या अभ्यासक्रमांचा मुख्य विषय नाही.

या कामाला खरेच प्रशिक्षण लागते का?

‘प्रेमळ बाई मिळाली की झाले,’ असे अनेक शाळाचालकांना वाटते. प्रेम लागतेच. पण काही प्रसंग पाहिले की केवळ प्रेमावर काम भागत नाही हे कळते.

मुलाला वर्गात फिट आली. आजही अनेक ठिकाणी कांदा किंवा चप्पल हुंगवली जाते, दातखीळ उघडायला तोंडात चमचा घातला जातो. पहिल्याचा काही उपयोग नाही. दुसऱ्याने दात तुटू शकतात, श्वास अडकू शकतो. करायचे असते ते साधे आहे. आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर करायच्या, मुलाला कुशीवर वळवायचे, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचे, हातपाय दाबून धरायचे नाहीत आणि घड्याळ पाहायचे. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर थेट रुग्णालय. हे शिकवायला तासभर पुरतो. न शिकवल्यास काय होऊ शकते, ते वर आलेच आहे.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला मान मागे टाकलेल्या अवस्थेत पाणी पाजले तर ते श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला चाकाच्या खुर्चीतून उचलताना काखेत हात घालून ओढले तर खांद्याला इजा होते, उचलणारीची कंबरही धरते. नागपूरच्या एप्रिलमध्ये पारा ४२ अंशांच्या पुढे गेलेला असताना बोलता न येणारे मूल ‘तहान लागली’ हे कसे सांगणार? चित्रांचा फलक किंवा ठरवलेली खूण मदतनिसाला माहीत असावी लागते. नाहीतर मूल हात चावते आणि नोंदवहीत ‘आक्रमक वर्तन’ असा शेरा पडतो.

वर्तनाबाबत सर्वाधिक गैरसमज आहेत. स्वमग्न मूल जमिनीवर लोळून ओरडते तेव्हा ते हट्ट करत असतेच असे नाही. गॅदरिंगची ढोल-ताशाची तालीम, शाळेची घंटा, फिनेलचा वास यांपैकी कशाने तरी त्याच्या संवेदना ओसंडलेल्या असू शकतात. अशा वेळी ‘गप्प बस, नाहीतर मॅडमना सांगेन’ म्हणणे म्हणजे तापाने फणफणलेल्या मुलाला रागावण्यासारखे आहे. प्रशिक्षित मदतनीस आधी काय घडले, मुलाने काय केले आणि नंतर काय झाले, अशा तीन रकान्यांत नोंद ठेवते. पंधरा दिवसांच्या नोंदींतून बहुतेकदा कारण सापडते. मशीन वारंवार बंद पडत असेल तर तंत्रज्ञ त्याला शिव्या घालत नाही, लॉग पाहतो. मुलाच्या वाट्याला तेवढी चिकित्सा तरी यावी.

स्वच्छतागृहाचा विषय शाळा टाळतात, तो टाळता येणार नाही. कपडे बदलताना मुलीबरोबर स्त्रीच असावी, दार कितपत लोटावे, दुसऱ्या कोणाला माहिती असावी, मुलाची परवानगी कशी विचारावी, हे लेखी ठरलेले हवे. यात मुलाचा सन्मान आहे, सुरक्षितता आहे आणि खोट्या आरोपापासून मदतनिसाचा बचावही आहे. मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी पॉक्सो नियम, २०२० नुसार संस्थांनी करायचीच आहे. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य सरकारनेही शाळांना कर्मचाऱ्यांच्या चारित्र्य पडताळणीचे आदेश दिले. पण पालकांनी नेमलेली शॅडो टीचर शाळेची कर्मचारी धरायची की नाही? कागदावर ती शाळेची कोणीच नाही. तिची पडताळणी कोणी करायची, हा प्रश्न त्यामुळे अधांतरी राहतो. सत्तर-ऐंशी टक्के वेळ मुलाजवळ असणाऱ्या प्रौढ व्यक्तीबाबत अशी संदिग्धता परवडणारी नाही.

न्यायालये काय म्हणाली?

विशेष शिक्षकांबाबत सर्वोच्च न्यायालय बरेच पुढे गेले आहे. रजनीश कुमार पांडे विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २८ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यायालयाने विशेष शिक्षक आणि विद्यार्थी यांचे प्रमाण ठरवण्यास केंद्राला सांगितले. त्यानंतर २१ सप्टेंबर २०२२ च्या अधिसूचनेने शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत बदल झाला : पहिली ते पाचवीसाठी दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि सहावी ते आठवीसाठी पंधरांमागे एक विशेष शिक्षक. ७ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने राज्यांना या पदांची संख्या निश्चित करून भरती करण्याचे आदेश दिले.

महाराष्ट्राने २०२४ मध्ये केंद्रशाळा स्तरावर ४,८६० विशेष शिक्षकांची पदे मंजूर केली. वर्षानुवर्षे कंत्राटावर राबलेल्या विशेष शिक्षकांसाठी ही मोठीच गोष्ट. पण हिशेब मांडून पाहावा. राज्यात केवळ जिल्हा परिषदांच्याच शाळा साठ हजारांच्या घरात आहेत. म्हणजे एका केंद्रावरच्या विशेष शिक्षकाच्या वाट्याला सरासरी बारा शाळा येतात. आठवड्याचे कामाचे दिवस सहा. एका शाळेत पंधरवड्यातून एखादा दिवस. रामटेक, भिवापूर किंवा कुही तालुक्यातल्या मुलाला विशेष शिक्षक भेटेल तो असा. उरलेले दिवस वर्गशिक्षक आणि मूल. नेमक्या याच पोकळीत प्रशिक्षित मदतनिसाची गरज आहे, आणि तिच्याबद्दल ना अधिसूचनेत शब्द आहे, ना पदांच्या तक्त्यात रकाना.

शॅडो टीचरचा विषय न्यायालयात आला तो प्रवेशाच्या वादातून. जुलै २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने स्वमग्न मुलीला पुन्हा शाळेत घेण्याचा आदेश एका खासगी शाळेला दिला आणि पालकांनी नेमलेल्या शॅडो टीचरसह तिला वर्गात बसू द्यावे, असे सांगितले. मुलीला न्याय मिळाला. पण ‘पालकांनी नेमलेल्या’ हे दोन शब्द पुढे शाळांच्या सोयीचे ठरू शकतात. ज्या घराला शॅडो टीचरचा पगार परवडतो, त्या घरातले मूल शाळेत. ज्याला परवडत नाही, त्याचे मूल घरी. शिक्षण हक्काचा हा अर्थ न्यायालयाला अभिप्रेत नसणार.

परदेशात काय पद्धत आहे?

अमेरिकेत मदतनिसांना ‘पॅराप्रोफेशनल’ म्हणतात. तेथे २००१ च्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने, गरीब विद्यार्थ्यांसाठी संघराज्याचा निधी घेणाऱ्या शाळांतील अध्यापन मदतनिसांसाठी किमान अट घातली : दोन वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षण, किंवा असोसिएट पदवी, किंवा वाचन-लेखन-गणितात मदत करण्याची क्षमता दाखवणारी परीक्षा. मदतनीस योग्य प्रशिक्षित आणि देखरेखीखाली असावेत, असे दिव्यांग विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा कायदाही सांगतो. ब्रिटनमध्ये उलट आहे. अध्यापन साहाय्यकांची संख्या प्रचंड, पण राष्ट्रीय पातळीवर सक्तीची पात्रता नाही. शाळा आपापले ठरवतात.

या ब्रिटनमधूनच आलेला एक निष्कर्ष आपल्याकडे प्रत्येक शिक्षणाधिकाऱ्याने वाचायला हवा. पीटर ब्लॅचफर्ड आणि सहकाऱ्यांनी २००३ पासून काही वर्षे शाळांतील साहाय्यकांच्या कामाचा मोठा अभ्यास केला. आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची इंग्रजी, गणित आणि विज्ञानातील प्रगती त्यांनी पाहिली. ज्या मुलांना साहाय्यकांची मदत जास्त मिळाली, त्यांची प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी आढळली. मुले मुळातच मागे होती म्हणून असे झाले असेल, ही शंका रास्त आहे. पण ते घटक हिशेबात घेऊनही फरक उरला. संशोधकांनी दोष साहाय्यकांना दिला नाही. साहाय्यक आली की शिक्षक त्या मुलाकडे पाहीनासा होतो, वर्गातले सर्वांत कठीण शिकवणे सर्वांत कमी प्रशिक्षित व्यक्तीकडे जाते, आणि तिला तयारीला वेळही मिळत नाही, असे त्यांचे स्पष्टीकरण होते.

अमेरिकेत मायकेल जियान्ग्रेको यांनी १९९७ मध्येच दाखवून दिले होते की मदतनीस सतत चिकटून बसली की मूल तिच्यावर अवलंबून राहते, वर्गमित्रांपासून तुटते आणि शिक्षकाची त्याच्यावरची मालकी सुटते. आपल्याकडेही हे चित्र अनोळखी नाही. मुलाच्या वहीत सुंदर अक्षरात उत्तरे असतात. अक्षर ताईचे असते. पालक वही पाहून सुखावतात, शाळा निश्चिंत होते आणि मूल वर्षभरात एक ओळही स्वतः लिहीत नाही. चांगल्या प्रशिक्षणात म्हणूनच मदतीची उतरंड शिकवतात. आधी हात धरून, मग केवळ खुणेने, मग एका शब्दाने, आणि शेवटी काहीच न करता वाट पाहून. ही वाट पाहणेच शिकायला सर्वांत अवघड असते.

अडसर कुठे आहे?

एक अडसर खात्यांच्या भिंतीचा आहे. दिव्यांगांच्या विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे आहेत. हा स्वतंत्र विभाग महाराष्ट्राने ३ डिसेंबर २०२२ रोजी सुरू केला. सर्वसाधारण शाळा शालेय शिक्षण विभागाकडे. काळजी घेण्याचे अनुभवातून आलेले कौशल्य पहिल्या विभागाच्या शाळांत आहे, आणि बहुतेक दिव्यांग मुलांनी जायचे आहे ते दुसऱ्या विभागाच्या शाळांत. नागपूरचेच पाहा. कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये सुरू केलेल्या मातृसेवा संघाने या शहराला बौद्धिक अक्षम मुलांची ‘नंदनवन’ शाळा दिली. शंकरनगरचे मूकबधिर विद्यालय कित्येक पिढ्यांना ठाऊक आहे. मुंबईच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेच्या अखत्यारीतले संयुक्त क्षेत्रीय केंद्र शहरात आहे. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे. म्हणजे प्रशिक्षणासाठी लागणारी माणसे एकाच शहरात आहेत. त्यांना एका टेबलावर बसवणारा आदेश नाही.

दुसरा अडसर पैशाचा. समग्र शिक्षात विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद आहे. साधने, भत्ते, शिबिरे सारे त्यातच. त्यातून कोणाचा पगार निघणे शक्य नाही.

प्रशिक्षणाची सक्ती केल्यास उलटा परिणाम होईल का?

ही भीती खरी आहे. पात्रतेची अट घातली की प्रमाणपत्रधारक कमी पडतील, त्यांचे दर वाढतील आणि ‘पात्र मदतनीस मिळाली की या’ असे सांगून शाळा प्रवेश टाळतील. आजच्या अटीला उद्या सरकारी शिक्का मिळेल. शिवाय आज हे काम करणाऱ्या कितीतरी स्त्रिया, ज्यांनी एखाद्या मुलासोबत चार-पाच वर्षे काढून जे शिकले ते कोणत्याही पुस्तकात नाही, एका फटक्यात अपात्र ठरतील.

म्हणून नियम मुलावर नव्हे, शाळेवर बांधायला हवा. मदतनिसाअभावी प्रवेश नाकारता येणार नाही, हे आधी स्पष्ट व्हावे. मदतनीस नेमायची शाळेने, अनुदानित शाळांत पैसे शासनाने द्यायचे, आणि नेमल्यापासून ठरावीक मुदतीत तिचे प्रशिक्षण पूर्ण करायचे. पदवीची गरज नाही. दोन-तीन आठवडे विशेष शाळेत प्रत्यक्ष काम, त्यानंतर स्वतःच्या शाळेत केंद्राच्या विशेष शिक्षकाच्या देखरेखीखाली सहा महिने, आणि शेवटी कागदावरची नव्हे तर प्रात्यक्षिक परीक्षा, एवढे सुरुवातीला पुरेसे आहे. आधीपासून काम करणाऱ्यांना थेट प्रात्यक्षिकाला बसू द्यावे. उत्तीर्ण झालेल्यांची नावे एका नोंदवहीत असावीत आणि ते प्रमाणपत्र पुढे विशेष शिक्षणाच्या पदविकेला जाताना श्रेयांक म्हणून धरले जावे. नाहीतर हे काम म्हणजे पुढे वाट नसलेली गल्ली होते आणि चांगली माणसे वर्षभरात निघून जातात. मूल दर जूनमध्ये नव्या ताईशी जुळवून घेत बसते. स्वमग्न मुलासाठी हे बदल किती जड असतात, ते त्याच्या घरच्यांनाच विचारावे.

वर्गशिक्षकांचे काय, हा प्रश्न उरतोच. मदतनिसाला शिकवले आणि शिक्षकाला नाही, तर ब्रिटनमधला अनुभव येथेही येणार. आठवड्यातून अर्धा तास दोघांनी एकत्र बसून पुढच्या आठवड्याचे पाठ पाहायचे, एवढी साधी सवय वेळापत्रकात घातली तरी फरक पडेल. वेळापत्रकात ती नसेल तर पडणार नाही, कारण शाळेत मोकळा अर्धा तास नावाची गोष्ट नसते.

नियम येईपर्यंत पालकांनी काय पाहावे?

शाळेने शॅडो टीचरची अट घातली तर ती लेखी मागावी. कलम १६ नुसार आधार पुरवण्याची जबाबदारी शाळेची आहे, याची आठवण त्याच पत्राच्या उत्तरात द्यावी. स्वतः नेमायची वेळ आलीच तर प्रमाणपत्राआधी त्या व्यक्तीला विचारावे : फिट आल्यावर काय कराल? मूल बाकाखाली जाऊन बसले तर? सहा महिन्यांनी तुमची मदत कुठे कमी झालेली असेल? शेवटच्या प्रश्नाला ज्यांच्याकडे उत्तर आहे, त्यांना काम कळलेले आहे. पोलीस पडताळणी आणि स्वच्छतागृहाचे नियम शाळेकडून लेखी घ्यावेत. विशेष शिक्षक म्हणून कोणी आरसीआय नोंदणी सांगत असेल तर नोंदणी क्रमांक घेऊन परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळावा. या नोंदणीचे ठरावीक काळाने नूतनीकरण करावे लागते, त्यामुळे मुदतही पाहावी.

शाळेने प्रवेश नाकारला किंवा मुलाला घरी ठेवायला सांगितले तर पहिली तक्रार गटशिक्षणाधिकारी वा जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे, महापालिका हद्दीत महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे करता येते. तेथे दाद न लागल्यास पुण्यातील दिव्यांग आयुक्तांकडे दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याखाली अर्ज करता येतो. मुलाचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र किंवा वैश्विक ओळखपत्र, शाळेबरोबरचा लेखी पत्रव्यवहार आणि प्रवेश अर्जाची पोच ही कागदपत्रे त्यासाठी जपून ठेवावीत. ‘तोंडी सांगितले’ एवढ्यावर सुनावणीत काही सिद्ध होत नाही, म्हणून शाळेतून बाहेर पडल्यावर त्याच दिवशी झालेले बोलणे ई-मेलने शाळेला कळवून ठेवावे.